नवीन किट ‘अनाउन्स’ झालं म्हणजे नेमकं काय झालं?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात माझ्या मूर्खपणापासून.

दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून नव्वदच्या दशकातल्या एका रॅली कारचं प्लास्टिक किट घेतलं. स्केल एकास चोवीस, प्रॉडक्शन कधीच बंद झालेलं, डब्याचे कोपरे चेपलेले. साडेनऊ हजार रुपये मोजले. विक्रेता म्हणाला, “सर, हे आता परत येणार नाही.” मलाही ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचंच होतं. तीन महिन्यांनी कंपनीने तेच किट पुन्हा काढत असल्याचं जाहीर केलं. नवा डबा, नवे डिकल्स, आणि किंमत मी दिलेल्या पैशांच्या निम्म्याहून कमी.

त्या दिवशी ऑफिसमध्ये माझं स्टँडअपकडे अजिबात लक्ष नव्हतं.

मग मी ठरवलं की या अनाउन्समेंटच्या भानगडीच्या मुळाशी जायचं. कंपनी “हे येतंय” म्हणते तेव्हा त्यामागे काय झालेलं असतं, आणि “बंद झालं” म्हणते तेव्हा खरंच काय बंद होतं? हा एपिसोड त्याच्यावर आहे.

ज्यांना हा छंद नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यं. आपण डब्यातून तयार निघणाऱ्या धातूच्या गाड्यांबद्दल बोलत नाहीयोत. किट म्हणजे प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले सुटे भाग. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, चिकटवायचे. या चौकटीला स्प्रू म्हणतात. टोयोटाची जीआर सुप्रा खरी ४३७९ मिलिमीटर लांब आहे, एकास चोवीसमध्ये ती साधारण १८२ मिलिमीटर होते, म्हणजे तळहातावर मावेल एवढी. आणि गंमत अशी की मॉडेलमध्ये १ मिलिमीटर चुकला तर खऱ्या गाडीत तो २४ मिलिमीटर होतो. बोनेट २४ मिलिमीटर उंच असलेली सुप्रा सुप्रा दिसतच नाही. म्हणून नवीन किटचा पहिला फोटो आला की लोक झूम करून करून छताची रेषा बघतात. बाहेरच्याला ते वेड वाटतं, पण त्यात तथ्य आहे.

आता हे फोटो येतात कुठून? वर्षाचे तीन मोठे मोके असतात. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला जर्मनीत न्यूरेंबर्गची खेळण्यांची जत्रा, मे महिन्यात जपानमधला शिझुओका हॉबी शो, आणि शरद ऋतूत टोकियोचा शो. यातला आपल्यासाठी महत्त्वाचा शिझुओका. टामिया शिझुओकाची, आओशिमा तिथलीच, फुजिमी तिथलीच, हासेगावा शेजारच्या याइझूची. आपल्याकडे पैठणी म्हटलं की येवला, तसं जपानमध्ये प्लास्टिक मॉडेल म्हटलं की शिझुओका. मुळात हे लाकूडकामाचं गाव. टामियाही १९४६ साली लाकडाचा धंदा म्हणून सुरू झाली, मग लाकडी मॉडेल्स, आणि १९६० मध्ये पहिलं प्लास्टिक किट, तेही गाडीचं नाही, ‘यामातो’ युद्धनौकेचं. त्यात पैसे बुडाले. ती स्टोरी वेगळ्या एपिसोडची आहे.

जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तिथे सकाळी नऊला काही आलं की इथे पहाटेचे साडेपाच. मे महिन्यात एरवी दहाला उठणारी माझ्या ओळखीची चार-पाच माणसं पहाटे ऑनलाइन दिसतात. आई म्हणते, “एवढ्या पहाटे अभ्यासाला कधी उठला नाहीस.”

काचेच्या पेटीत ठेवलेली ती वस्तू कोणत्या टप्प्यावर आहे हे आधी बघायचं असतं. कधी नुसतं पोस्टर असतं. कधी रंगवलेला नमुना. कधी टेस्ट शॉट, म्हणजे खऱ्या साच्यातून निघालेले पहिले भाग. टेस्ट शॉट दिसला तर समजा स्टील कापून झालंय, आता माघार नाही. नुसतं पोस्टर असेल तर उड्या मारायची घाई करू नका.

हे स्टीलचं प्रकरण मला माझ्या मामाने समजावलं. मामा भोसरीत एका टूलरूममध्ये आहे, आयुष्यभर प्लास्टिकचे मोल्ड बनवतोय. दिवाळीत त्याच्या हातात मी एका किटची बॉडी दिली. त्याने ती ट्यूबलाइटखाली धरली, फेंडरवरून नख फिरवलं आणि म्हणाला, “ही बघ पार्टिंग लाइन. इथे स्लाइड येऊन मिळते.” मला इतकी वर्षं वाटायचं की ती बारीक रेघ म्हणजे कंपनीची हलगर्जी आहे. मामा म्हणाला, “अरे, बॉडी एका तुकड्यात आहे ना? छप्पर वर, दारं बाजूला, पुढे ग्रिल, मागे दिवे. सगळीकडे डिटेल. नुसता वर-खाली उघडणारा मोल्ड असता तर पार्ट आतच अडकला असता. म्हणून चारी बाजूंनी स्टीलचे तुकडे सरकून येतात, मध्ये प्लास्टिक भरतं, गार झालं की सगळे मागे सरकतात. जिथे तुकडे भेटतात तिथे रेघ राहणारच.”

मी विचारलं, “मामा, समजा मोल्डमध्ये चूक झाली, तर तू काय करतोस?” तो हसला. “तुमच्यासारखं अपडेट नाही सोडता येत. स्टील कापता येतं, परत चिकटवता येत नाही. वेल्डिंग होतं, पण मग फिनिश गेलं.” म्हणून ते लोक पहिल्यांदा मुद्दाम स्टील थोडं जास्त ठेवतात. स्टील जास्त म्हणजे प्लास्टिकचा भाग किंचित बारीक. मग टेस्ट शॉट बघून हवं तेवढं कापत जातात, भाग हवा तेवढा जाड होतो. सॉफ्टवेअरमध्ये मी रात्री अकराला रोलबॅक करतो, इथे रोलबॅक नाहीच. हे कळल्यापासून “एवढा वेळ का लावतात” असं मी विचारणं बंद केलं.

साच्याच्याही आधी मापं असतात. टामियाची यातली प्रसिद्ध गोष्ट पोर्शे ९३४ ची, १९७६ साली आलेल्या एकास बारा किटची. शुनसाकू टामिया यांनी जर्मनीत जाऊन फोटो काढले, मापं घेतली, तरी समाधान होईना. शेवटी कंपनीने चक्क एक पोर्शे ९११ विकत घेतली आणि सुटी करून बघितली. एका खेळण्याच्या डब्यासाठी! एवढा खर्च नुसत्या किटमधून निघणार कसा? म्हणून तीच बॉडी वापरून त्यांनी त्याच वर्षी रेडिओ कंट्रोल गाडी आणली, आणि टामियाचा आरसी गाड्यांचा मोठा धंदा तिथून सुरू झाला. आज थ्रीडी स्कॅनिंग आहे, गाडी कंपन्यांकडून डेटा मिळू शकतो, पण लायसन्स, मापं, डिझाइन, स्टील हा क्रम तोच.

आता मुद्द्यावर येतो. अनाउन्समेंटमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एकाच उत्साहाने सांगितल्या जातात, आणि माझे पैसे गेले ते हा फरक न कळल्यामुळे. पहिली, पूर्ण नवीन साचा. जपानी पानावर ‘कानागाता’ हा शब्द शोधा, म्हणजे साचा, त्याच्याआधी ‘शिन’ म्हणजे नवा. फोनचा कॅमेरा लावला की भाषांतर होतं. हीच खरी बातमी, कारण चांगला स्टीलचा साचा दशकानुदशकं टिकतो. ज्या गाडीचा साचा झाला ती गाडी आपल्या मुलांनाही बनवता येईल. दुसरी, जुनाच साचा आणि एखादी नवी स्प्रू किंवा नवे डिकल्स. रोडवरची गाडी आधी येते, मग तिचीच रेसिंग आवृत्ती. हासेगावा तर अशा मर्यादित आवृत्त्या सतत काढत असते. वाईट काही नाही, पण आतला सांगाडा तोच हे माहीत असावं. तिसरी, साधी रीइश्यू. जपानीत ‘साइहान’.

रीइश्यू समजली की ‘बंद झालं’चा अर्थ कळतो. किट बाराही महिने छापत बसत नाहीत. साचा गोदामातून काढायचा, साफ करायचा, मशीनवर चढवायचा, एक बॅच काढायची, परत गोदामात. पुढची बॅच सहा महिन्यांनी की बारा वर्षांनी, हे मागणी, लायसन्स आणि मशीनच्या वेळेवर. माझा विक्रेता ज्याला “परत येणार नाही” म्हणत होता, ते फक्त त्या बॅचपुरतं संपलेलं होतं. साचा शाबूत असेल तर किट मेलेलं नसतं, झोपलेलं असतं.

पण कधी कधी खरंच मरतं. अमेरिकेत एएमटी आणि एमपीसी या कंपन्या साठच्या दशकात दरवर्षी नव्या मॉडेल इयरची एकास पंचवीस किट्स काढायच्या. डेट्रॉइटने ग्रिल बदललं की यांनी तोच साचा कापून नवं ग्रिल बसवायचं. म्हणजे पुढच्या वर्षीची गाडी बनवताना मागच्या वर्षीची कायमची पुसली जायची. मामाचं वाक्य आठवतंय ना? आज राउंड टू नावाची कंपनी हे जुने ब्रँड चालवते आणि हरवलेले भाग जुन्या किट्सवरून नव्याने तयार करते. साठी-सत्तरीतले अमेरिकन आजोबा त्या अनाउन्समेंटसाठी का व्याकूळ असतात ते आता कळेल. लहानपणी फटाक्याने उडवलेलं किट त्यांना परत हवंय.

रीइश्यूत एक मेखही असते. जुन्या रेस कार्सवर सिगारेटच्या जाहिराती असायच्या. आता बऱ्याच नव्या डब्यांत ते डिकल्स येत नाहीत, जागा कोरी राहते, आणि मग दुसऱ्या छोट्या उत्पादकांचे डिकल्स वेगळे विकत घ्यावे लागतात. तसंच इंजिनाचं. पूर्वीच्या बऱ्याच किट्समध्ये बोनेट उघडून पूर्ण इंजिन दिसायचं. अलीकडे अनेक रोड कार्स ‘कर्बसाइड’ येतात, म्हणजे बोनेट बंद, आत काही नाही. टामियाची जीआर सुप्रा तशीच. यावर लोक भांडतात. माझं मत विचाराल तर मला चालतं. माझ्या कपाटातल्या सगळ्या गाड्यांची बोनेटं बंदच असतात.

आपल्याकडे या सगळ्यात आणखी एक पायरी आहे, कस्टम्सची. त्यांच्या वर्गवारीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली येतं. खेळण्यांवरची मूळ ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ च्या बजेटमध्ये ७०. त्यामुळे अनाउन्समेंटमधला येनचा आकडा बघून खूश होऊ नका. त्यात शिपिंग आणि ड्यूटी मिळवा, मग ठरवा.

आणि आपल्या गाड्या? आओशिमाने जिमनीचं एकास बत्तीसचं स्नॅप किट काढलंय, गोंद न लावता जुळणारं. पण ती जपानी तीन दारांची. इथे रस्त्यावर दिसते ती गुरुग्राममध्ये बनणारी पाच दारांची. दोन दारं जास्त म्हणजे बॉडीचा साचाच वेगळा, हे आता तुम्हीच मला सांगाल. शुनसाकू टामियांनी पोर्शे उघडली तशी कुणीतरी एक दिवस प्रीमियर पद्मिनी उघडून मोजावी, एवढी माझी इच्छा आहे. मामाला विचारलं, तो म्हणाला, “पैसे कोण देणार?”

त्या साडेनऊ हजारांच्या किटचं काय झालं? डबा उघडला. त्यात सिगारेटवाले मूळ डिकल्स निघाले, जे नव्या डब्यात नाहीत. फक्त तीस वर्षांत कागद चहासारखा पिवळा पडलाय. यावर जुना जुगाड असा की शीट झिप बॅगमध्ये घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवायची, पिवळेपणा उतरतो. गेले अकरा दिवस ती हॉलच्या खिडकीला आहे. डाव्या कोपऱ्यात पांढरं दिसायला लागलंय. पाऊस यायच्या आत उरलेलं झालं तर फोटो टाकतो.