मनगट तिचं, घड्याळ कुणाचं?

मे महिना. दुपारचे बारा. यवतमाळच्या दत्त चौकात पारा 44 ला टेकलेला आणि आम्ही दोघी बहिणी घड्याळाच्या दुकानात पंख्याखालची जागा पकडून उभ्या. मी पुण्याहून सुट्टीला आलेली. धाकटी यवतमाळातच बँकेत नोकरीला. सकाळी नेहरू स्टेडियमवर धावायचं, आठवड्यातून तीनदा पोहायचं आणि दहाला काउंटरवर हजर, असं तिचं टाइमटेबल. नुकतंच प्रमोशन झालं होतं आणि स्वतःच्या पैशाने स्वतःला काहीतरी ‘सॉलिड’ घ्यायचं ठरलं होतं.

‘‘भाऊ, लेडीजमध्ये स्पोर्ट्स वॉच दाखवा.’’

भाऊंनी मखमली ट्रे पुढे सरकवला. गुलाबी पट्टा, काट्यांभोवती खडे, बाराच्या जागी फुलपाखरू.

‘‘पोहताना घालायचंय, भाऊ.’’

‘‘पोहताना? मंग काढून ठेवाचं नं ताई! पाण्यात कशाले नेता?’’

हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते जे खपतं तेच ठेवतात. धाकटीचं दुखणं वेगळंच होतं. मागच्या वर्षी तिने हौसेने एक नाजूक घड्याळ घेतलं होतं. मागे ‘वॉटर रेझिस्टंट’ असं ठसठशीत कोरलेलं. तिसऱ्या दिवशी पोहून आली तर काचेच्या आत धुकं! सर्व्हिस सेंटरवाल्याने शांतपणे सांगितलं, ‘‘मॅडम, पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही.’’ तेव्हापासून तिचा एकच हट्ट: दिसायला मस्त हवं, ऑफिसात शोभायला हवं आणि पाण्यात मरायला नको. आणि हो, कर्ज काढायला लागू नये.

एवढीशी मागणी. पण कुठल्याही शोरूममध्ये जाऊन बघा. पुरुषांच्या कपाटात डायव्हर, पायलट, रेसिंग, ट्रेकिंग... नुसती साहसं! बायकांच्या कपाटात कडी आणि ब्रेसलेट्स. कारण सोपं आहे. आपल्याकडे घड्याळ हा बराच काळ लग्नातला आयटम होता. जावयाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ. मुलीच्या हातात बांगड्या होत्याच, मग घड्याळ आलं तेही बांगडीच्या रूपात. 1992 मध्ये टायटनने खास बायकांसाठी ‘रागा’ आणलं, तेव्हा निदान कुणीतरी आपला स्वतंत्र विचार केला याचाच आनंद होता. रागा सुंदरच असतात, माझ्याकडेही आहे. पण ते घालून कुणी धावत नाही.

ती टायपिस्ट होती!

आता गंमत ऐका. स्पोर्ट्स वॉच नावाच्या प्रकाराची पहिली मोठी जाहिरात झाली ती एका ऑफिसात काम करणाऱ्या मुलीमुळे. लंडनमध्ये टायपिस्टची नोकरी करणारी मर्सिडीज ग्लिट्झ 7 ऑक्टोबर 1927 रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी ती पहिली ब्रिटिश महिला. पण काहीच दिवसांत दुसऱ्या एका बाईने खाडी पोहल्याचा खोटा दावा केला आणि लोक ग्लिट्झवरही शंका घ्यायला लागले. बाईमाणसाने काही केलं की पुरावा आधी! मग ती 21 ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. पाणी भयंकर गार. रोलेक्सच्या हान्स विल्सडॉर्फने संधी साधून आपलं नवंकोरं वॉटरप्रूफ ‘ऑयस्टर’ तिच्याकडे दिलं होतं, ते तिच्या गळ्यात रिबिनीला बांधलेलं. दहा तासांहून जास्त पोहल्यावर तिला बाहेर काढावं लागलं, खाडी पूर्ण झाली नाही. पण तिच्या जिद्दीवर मग कुणी शंका घेतली नाही आणि गळ्यातलं घड्याळ टिकटिकत होतं. 24 नोव्हेंबरला ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर रोलेक्सची जाहिरात झळकली.

म्हणजे पाण्यातलं घड्याळ खपवायला बाई चालली. पुढची कित्येक वर्षं ते घड्याळ बनवताना मात्र डोळ्यांसमोर पुरुषाचंच मनगट होतं.

‘लक्झरी स्पोर्ट्स वॉच’ हा शब्द त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रूढ झाला. 1972 मध्ये ओडेमार पिगेने जेराल्ड जेंटाचं ‘रॉयल ओक’ आणलं. साधं स्टील, अष्टकोनी कडा, वर दिसणारे स्क्रू आणि किंमत सोन्याच्या घड्याळाच्या तोडीची. लोकांनी नाकं मुरडली, मग रांगा लावल्या. चारच वर्षांत, 1976 मध्ये, त्याचं बायकांसाठीचं मॉडेल आलं आणि ते केलं होतं एका बाईने, जॅकलिन डिमिए हिने. आकार 29 मिलिमीटर. खडे चिकटवले नाहीत, रंग बदलला नाही, तोच रुबाब लहान मनगटावर नीट बसवला. एवढंच तर हवं असतं!

अर्थात ते घड्याळ आपल्या खिशाच्या बाहेरचं. चांगली बातमी अशी की, तो लूक आता आपल्या आवाक्यात आलाय.

मग आम्ही काय पाहिलं?

धाकटी बँकेतली. तिने घरी आल्यावर वही काढून मुद्देच लिहिले. माझ्या मते त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा पाण्याचा, कारण फसवणूक तिथेच होते. घड्याळामागे ‘30 मीटर’ लिहिलं असेल तर ते घालून 30 मीटर खोल जाता येतं असं मुळीच नाही. तो आकडा स्थिर दाबाच्या चाचणीचा असतो. 30 मीटर म्हणजे हात धुणं, पावसाचे शिंतोडे, बस्स. 50 मध्ये बेताबेताने पोहता येतं. नियमित पोहणारीने 100 च्या खाली बघूच नये. 200 आणि सोबत ‘डायव्हर्स’ असा शब्द असेल तर ते वेगळ्या, कडक कसोटीतून आलेलं असतं. आणि आकडा कितीही मोठा असला तरी ओल्या हाताने बाजूची चावी ओढायची नाही. गरम पाण्याच्या आंघोळीतही घड्याळ नको, आतली रबरी सीलं त्याने लवकर खराब होतात. आमच्या धुक्याचं रहस्य असं उलगडलं: त्या नाजूक घड्याळावर 30 होतं.

मग साइज. नुसता डायलचा व्यास बघून उपयोग नाही. पट्टा जिथे जोडतात ती वरची आणि खालची टोकं मनगटाच्या बाहेर लोंबायला लागली तर 34 चं घड्याळही बोजड दिसतं आणि टोकं खाली वळलेली असतील तर 37 चंही चपखल बसतं. म्हणून हातात घालूनच घ्यावं. ऑनलाइन फोटोवर जाऊ नये, मॉडेलचा हात कुणाचा कोण जाणे.

पट्ट्याचं म्हणाल तर विदर्भाच्या उन्हात चामडं विसरा. घामाने ते कडक होतं, वास मारतं. स्टील किंवा रबर बरं, आणि धावून आल्यावर साध्या पाण्याने धुवायचं, घामातलं मीठ राहू द्यायचं नाही. काच सफायर असेल तर ओरखडे जवळपास पडतच नाहीत. मिनरल असेल तर पडतात, पण ती स्वस्त असते. स्कूटीची किल्ली, बँकेची चाव्यांची जुडी, पर्समधली चिल्लर यांच्याशी ज्यांची रोज गाठ आहे त्यांनी सफायरसाठी दोन पैसे जास्त मोजावेत.

स्मार्टवॉच का नाही, हा प्रश्न तुम्ही विचारणारच. आहे की तिच्याकडे, पावलं मोजायला. पण ते रोज-दोन रोजाआड चार्जिंगला लावावं लागतं आणि चार-पाच वर्षांत कपाटाच्या खणात जातं. आईचं घड्याळ मुलीने घालावं, असं काही त्याचं होत नाही.

तीन नावं, एक पगार

चाळणी लावत लावत तीन नावं उरली. पहिलं कॅसिओचं बेबी-जी. जी-शॉक 1983 चं, त्याची ही धाकटी बहीण 1994 ची आणि खास मुलींसाठीच काढलेली. आपटा, बुडवा, काही होत नाही. बरीच मॉडेल्स दहा हजारांच्या आत मिळतात. धाकटी म्हणाली, ‘‘कॉलेजात असते तर डोळे मिटून घेतलं असतं. साडीवर नाही गं जात.’’

दुसरं टिसोचं पीआरएक्स. हे मूळचं 1978 चं, रॉयल ओकने लावलेल्या फॅशनच्या काळातलं, 2021 मध्ये परत आलं आणि पुढच्या वर्षी 35 मिलिमीटरमध्येही निघालं. 100 मीटर, सफायर काच, अखंड वाटणारा स्टीलचा पट्टा. फॉर्मल शर्टाच्या बाहीतून डोकावलं की मीटिंगमध्ये समोरचा एकदा बघतोच. दिसण्यात माझं मत याला. किंमत मात्र चाळिसाच्या घरात जाते. भाव बदलतात, त्यामुळे स्वतः विचारून घ्या.

तिसरं सिटिझनचं प्रोमास्टर डाइव्ह, जवळपास 37 मिलिमीटरच्या आवृत्तीतलं. 200 मीटर, अस्सल डायव्हर, बाजूला फिरणारी कडी. पोहायला किती वेळ झाला ते त्या कडीवर कळतं. आणि आत ‘इको-ड्राइव्ह’, म्हणजे उजेडावर चालणारं. डायलखालचा पापुद्रा प्रकाश घेतो, त्यावर आतली बॅटरी भरते आणि पूर्ण भरली की अंधारातही काही महिने चालते. दर दोन वर्षांनी सेल बदलायला घड्याळ उघडावं लागत नाही. घड्याळ वरचेवर उघडणं म्हणजे सीलला धोका, हे आता आम्हाला पाठ होतं.

नागपूरच्या शोरूममध्ये तिने तिन्ही घालून पाहिली. पीआरएक्स काढताना जरा जीवावर आलं, हे मला दिसलं. पण शेवटी हात थांबला तो सिटिझनवर. पगाराच्या निम्म्याहून जास्त रक्कम कार्डावरून गेली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

येताना बसमध्ये मला आठवलं, आईचं लग्नाआधीचं घड्याळ एचएमटीचं ‘सुजाता’ आहे. चावीचं, नखाएवढं. एचएमटीने 1961 मध्ये बंगलोरला घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या याच सिटिझन कंपनीच्या सहकार्याने. 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं ठरवलं, पण सुजाता आमच्या कपाटात चावी दिली की अजून चालतं. म्हणजे धाकटीने नवीन काही घेतलंच नव्हतं म्हणा, त्याच घराण्यातलं पुढचं पान उचललं होतं!

घरी आल्यावर आईने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं, वजन पाहिलं, कडी करकर फिरवली.

‘‘याले चावी कुठं द्याची?’’

‘‘चावी नाही, आई. उजेडावर चालते.’’

‘‘मंग यवतमाळात काही काळजी नाही,’’ असं म्हणून तिने ते खिडकीत उन्हात ठेवलं. ‘‘तापन नं, आई!’’ म्हणत धाकटीने लगेच उचललं. स्टील मिनिटाभरात चटका द्यायला लागलं होतं.

मग आईने किंमत विचारली. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी निम्मी सांगितली.