रापण, पर्ससीन आणि शासन

आचरा-मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना दोरीला अनेक हात लागतात व आलेल्या मासळीचे वाटे पडतात. पर्ससीन जाळे मात्र बांगड्याचा अख्खा थवाच वेढून उचलते. बाजार मोकळा सोडावा, असे सांगणाऱ्यांना आम्ही विचारतो : पकडला जाईपर्यंत मासा कोणाच्याच मालकीचा नसेल, तर तो राखण्यात कोणाचा लाभ? तेथे भांडवलाचा वेगच जिंकतो. राज्याचे नियंत्रण हटले की खासगी मालकाची हुकूमशाही येते, असा बाबासाहेबांचा १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ मधील इशारा येथे तंतोतंत लागू पडतो.

परंतु शासन काही निव्वळ पंच नव्हे. यांत्रिक नौकांना डिझेल परतावा देणारेही तेच! १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, २०१६ चे पर्ससीनवरील निर्बंध, २०२१ मध्ये वाढविलेला दंड, एवढे होऊनही वाद शमला नाही. कूटदंत सुत्तातील पुरोहित राजाला हेच सांगतो की, केवळ दंडाने लूट थांबत नाही. शेतकऱ्याला बियाणे व व्यापाऱ्याला भांडवल द्यावे लागते. सामायिक संपत्तीचे नियम तिचे उपभोक्तेच करू व राखू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखविले; त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले. रापण संघांना तो अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. म्हणून परवाने ठरविताना त्यांना निवेदन देणारे नव्हे, निर्णय घेणारे म्हणून बसवावे, अशी आमची मागणी आहे.