गाडी चालू, तक्रार चालू

मे 2021मध्ये मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हापासून आमच्या घरात भाववाढीवर परिसंवाद चालू आहे. अध्यक्ष अर्थातच चिरंजीव. परवा त्यांच्यासोबत गाडीत होतो. सूनबाई औषधांच्या दुकानात गेल्या होत्या. पंधरा मिनिटे चिरंजीव सरकारला, तेल कंपन्यांना, अरब राष्ट्रांना धारेवर धरत होते आणि तेवढा वेळ आमची गाडी एसीसकट जागच्या जागी घुरघुरत होती.

बँकेत असताना वाहनकर्ज देण्यापूर्वी मी अर्जदाराचे उत्पन्न बारकाईने तपासत असे. सिग्नलला इंजिन बंद करता का, असा रकाना मात्र अर्जात नव्हता. उभ्या गाडीचे इंजिनही तासाला अर्धा-पाऊण लिटर सहज पिते, एसी लावला की त्याहून जास्त. शिवाय टायरमध्ये हवा कमी, डिकीत गेल्या दिवाळीपासूनचे सामान आणि समोर लाल दिवा दिसत असताना सुसाट जाऊन करकचून ब्रेक!

हे सारे चिरंजीवांना ऐकवले.

"आणि बाबा, तुम्ही कोपऱ्यावर वर्तमानपत्र आणायला स्कूटर काढता, ते?"

मी गप्प बसलो. कोपरा तीनशे पावलांवर आहे. सौ.ने मोजली आहेत.