तीन मिनिटांचे डाव आणि अडलेले रेटिंग

चर्चगेटहून सुटणाऱ्या भाईंदर लोकलमध्ये बसायला जागा मिळाली, की घर येईपर्यंत तासभर तरी हातात असतो. तेवढ्या वेळात मोबाइलवर बुद्धिबळाचे तीन-तीन मिनिटांचे आठ-दहा डाव सहज होतात. रात्री जेवणानंतर पुन्हा तितकेच. वर्षाकाठी हा आकडा काही हजारांत जातो, पण रेटिंग मात्र जिथल्या तिथे. प्राथमिक पायरी ओलांडून मधल्या पातळीवर आलेल्या कित्येक ऑनलाइन खेळाडूंची हीच तक्रार असते. एवढा सराव करूनही खेळ का सुधारत नाही?

याचे उत्तर मेंदूच्या कामाच्या पद्धतीत आहे. अमेरिकेतील विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. खऱ्या डावातील पट पाच सेकंद दाखवून तो आठवणीने मांडायला सांगितला, तेव्हा मुरलेल्या खेळाडूने नवख्यापेक्षा कितीतरी अधिक सोंगट्या अचूक मांडल्या. त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखुरल्या, तेव्हा मात्र ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे स्मरणशक्ती असामान्य नव्हती; ओळखीच्या रचनांचा साठा मोठा होता. किल्लेकोटातला राजा आणि त्यापुढची तीन प्यादी अनुभवी डोळ्याला एकाच चित्रासारखी दिसतात.

अतिजलद डावात हाच साठा कामी येतो, कारण चालींचा हिशेब मांडायला वेळच नसतो. मानसशास्त्रज्ञ ब्रूस बर्न्स यांनी २००४ मध्ये पाच मिनिटांच्या डावांच्या स्पर्धा अभ्यासल्या. खेळाडूंच्या एकूण कौशल्यातील फरकापैकी ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग त्यांच्या या झटपट खेळातून उलगडतो, असे त्यांना आढळले. झटपट खेळणे हे वेगळे कौशल्य कमी आणि मूळ खेळाचे प्रतिबिंब अधिक आहे.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला, तोही जलद डावांत. कोनेरू हंपीविरुद्धचे अंतिम फेरीचे दोन्ही पारंपरिक डाव बरोबरीत सुटले होते. टायब्रेकरचा पहिला जलद डावही बरोबरीत सुटला आणि दुसरा १९ वर्षांच्या दिव्याने जिंकला. त्या वेळी हंपी जलद बुद्धिबळाची जगज्जेती होती. अशा खेळाडूंचा वेग वर्षानुवर्षांच्या संथ अभ्यासातून आलेला असतो.

नील चार्नेस आणि सहकाऱ्यांच्या २००५ मधील अभ्यासातही हेच दिसले. ग्रँडमास्टर झालेल्यांनी खेळू लागल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांत सुमारे ५,००० तास एकट्याने गंभीर अभ्यास केला होता. मधल्या पातळीच्या खेळाडूंपेक्षा जवळपास पाचपट.

एकामागून एक डाव खेळण्यात तोटा असा, की चूक कळण्याआधीच पुढचा डाव सुरू होतो. शिवाय प्रतिस्पर्धीही घाईत असल्याने वाईट चालीला शिक्षा होत नाही, उलट कधी डावही जिंकला जातो. मग तीच चाल हाताच्या वळणी पडते.

उपाय फार अवघड नाहीत. दहा डावांऐवजी चारच खेळावेत आणि हरलेला प्रत्येक डाव संगणकाची मदत घेण्याआधी स्वतः पाहावा: पारडे नेमके कुठे फिरले? पांढऱ्याकडून एक आणि काळ्याकडून दोन सुरुवाती ठरवून त्याच खेळाव्यात, म्हणजे पहिल्या दहा चालींत घड्याळ वाया जात नाही. रोज पंधरा मिनिटे कोडी सोडवावीत. घोड्याचा दुहेरी मारा किंवा उंटाने जखडलेली सोंगटी एका नजरेत दिसू लागेपर्यंत वेगापेक्षा अचूकता महत्त्वाची. प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढवून मिळणारा डाव निवडला, तर जिंकत आलेला डाव केवळ वेळ संपल्याने हातचा जात नाही. आठवड्यातून एक-दोन डाव तरी अर्ध्या तासाचे असावेत.

आरोग्याचा प्रश्नही याला जोडलेला आहे. सलग दोन डाव हरले, की गेलेले गुण परत मिळवण्याची ईर्षा चढते आणि ‘फक्त एकच’ म्हणता म्हणता मध्यरात्र होते. उत्तेजित मेंदूला लगेच झोप लागत नाही, आणि दिवसभरात शिकलेले पक्के होण्यासाठी झोपच लागते. म्हणजे जागरणाने शरीर थकते आणि अभ्यासही वाया जातो. पडद्याकडे टक लावल्याने पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात, ते वेगळेच. त्यामुळे दोन हारांनंतर मोबाइल खाली ठेवावा आणि झोपण्यापूर्वीचा तासभर डाव नको, हा नियम स्वतःला घालून घ्यावा. त्या दोन हारांकडे सकाळच्या लोकलमध्ये ताज्या डोक्याने पाहिले, तर रात्रीच्या आणखी दहा डावांपेक्षा त्यातून अधिक शिकायला मिळते.