फुलीच्या टाक्यातील समुद्र-सूर्यास्त

फुलीच्या टाक्यातील समुद्र-सूर्यास्त हा मोजणीच्या भरतकामातील निसर्गचित्राचा एक प्रकार आहे. समान विणीच्या कापडावर एकमेकांना छेदणारे दोन तिरपे टाके घातले की फुली तयार होते. अशा हजारो रंगीत फुल्यांतून आकाश, सूर्यबिंब व पाणी साकारले जाते. या टाक्यास क्रॉस स्टिच असेही म्हणतात. उत्तर कर्नाटकातील कसुती भरतकामात याच जातीचा ‘मेंथी’ टाका आढळतो. महाराष्ट्रात दोसुती व मॅटी या कापडांवर हे भरतकाम केले जाते. कोकणचा किनारा पश्चिमाभिमुख असल्याने तेथे सूर्य समुद्रात मावळताना दिसतो. माड आणि होडीच्या काळ्या आकृत्यांसह हे दृश्य भरता येते.

कापड व दोरा

आयडा कापडाच्या विणीत चौकोनी घरे स्पष्ट दिसतात. एका इंचात १४ घरे असल्यास ते ‘१४ काउंट’ होय. १४० फुल्या रुंद व ९८ फुल्या उंच चित्र अशा कापडावर १० × ७ इंच होते आणि त्यात १३,७२० फुल्या येतात. चौकटीत बसवण्यासाठी चहूबाजूंनी ३ इंच सोडल्यास १६ × १३ इंच कापड लागते. भरतकामाच्या सुती दोऱ्याला ६ पदर असतात. १४ काउंटसाठी त्यांतील २ पदर व २४ क्रमांकाची बोथट टोकाची सुई वापरतात. दोरा सुमारे ४५ सेंमी. लांबीचा घ्यावा; अधिक लांब दोरा कापडातून वारंवार ओढला जाऊन झिजतो व त्याची चमक जाते.

रंगयोजना

सूर्यास्ताच्या वेळी सूर्यप्रकाशाला वातावरणातून लांबचा मार्ग कापावा लागतो. त्यात निळा प्रकाश अधिक विखुरला जातो आणि तांबड्या-नारिंगी छटा उरतात. म्हणून चित्रात सूर्याजवळ पिवळा, त्याभोवती नारिंगी, पुढे गुलाबी आणि वरच्या बाजूस जांभळट निळा असा क्रम ठेवतात. दोन छटांमधील सांधा दिसू नये यासाठी सुईत दोन्ही रंगांचा एकेक पदर ओवतात. या मिश्रणामुळे क्रमाने लावलेल्या ५ रंगांमधून ४ मधल्या छटा मिळतात आणि एकूण ९ पायऱ्यांत आकाश बदलत जाते.

क्षितिजाजवळ वातावरणातील वक्रीभवनामुळे सूर्यबिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचललेली भासते. त्यामुळे बिंब उभ्या दिशेने चपटे दिसते. ३० फुल्या रुंदीचे बिंब २५ फुल्या उंच ठेवल्यास ते निसर्गाशी जुळते. कडेवरील पायऱ्या पाऊण टाक्यांनी सौम्य करता येतात. पाण्यात आकाशाचेच रंग किंचित गडद करून वापरतात. सूर्याच्या खाली प्रकाशाचा जो पट्टा दिसतो, तो अखंड भरू नये. लहानमोठ्या आडव्या तुकड्यांत भरल्यास लाटांचा भास होतो.

भरण्याची पद्धत

कापडाची उभी-आडवी घडी घालून मध्य ठरवतात व मोजणीसाठी दर १० घरांवर धुवून जाणाऱ्या शाईने किंवा कच्च्या दोऱ्याने रेघ आखतात. क्षितिजरेषा प्रथम मोजून घ्यावी. ती एका ओळीने चुकली, तर वरचे बिंब आणि खालचे प्रतिबिंब दोन्ही सरकतात. मोठ्या क्षेत्रात एका ओळीतील सर्व अर्धे टाके एका दिशेने घालून परतताना त्यांच्या फुल्या पूर्ण करतात. गाठ मारण्याऐवजी दोऱ्याचे टोक मागील टाक्यांखाली अडकवतात, कारण चौकटीत बसवल्यावर गाठीचा उंचवटा पुढून जाणवतो.

फुलीचा वरचा टाका सर्वत्र एकाच दिशेने असणे अत्यावश्यक आहे. दिशा बदलल्यास दोऱ्यावरून प्रकाश वेगळा परावर्तित होतो आणि एकाच रंगाच्या आकाशात डाग पडल्यासारखे दिसते. हा दोष धुण्याने वा इस्त्रीने जात नाही. तेवढा भाग उसवावाच लागतो. त्याचप्रमाणे एकाच क्रमांकाच्या दोऱ्याच्या वेगवेगळ्या रंगघाण्यांत सूक्ष्म फरक असू शकतो, म्हणून आकाशासाठी लागणाऱ्या लड्या एकदमच घेणे इष्ट ठरते.

धुणे व मांडणी

तांबडा व गडद निळा दोरा रंग सोडण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे भरण्यापूर्वी दोऱ्याचा लहान तुकडा ओल्या पांढऱ्या कापडात दाबून पाहतात. पूर्ण झालेले चित्र थंड पाण्यात सौम्य साबणाने धुतात. रंग उतरू लागल्यास कापड वाळू देऊ नये. पाणी स्वच्छ येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा खळबळावे, कारण वाळलेला डाग काढणे कठीण असते. पिळण्याऐवजी ते टॉवेलात गुंडाळून दाबावे आणि जाड टॉवेलावर पालथे ठेवून इस्त्री करावी. असे केल्याने फुल्यांचा उठाव टिकतो. चौकट थेट उन्हात टांगू नये. उन्हाने दोऱ्यांच्या छटा फिकट होतात.