बेनामी वनस्पतींचा वाली कोण?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीभोवती जे पीक डोलते त्याला मराठी शेतकरी ऊस म्हणतो, सीमेपलीकडचा कानडी शेतकरी कब्बू. शास्त्राच्या दप्तरी मात्र त्याचे कुल एकच, ‘सॅकॅरम’. कुल आणि जाती दर्शविणारे दोन शब्दांचे नाव देण्याची ही शिस्त लिनिअसने 1753 साली वनस्पतिसृष्टीस लावली.

हे नामकरण म्हणजे केवळ बारसे नव्हे. नव्या जातीचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करावे लागते. तिचा वाळविलेला नमुना संग्रहालयात जतन करावा लागतो. विशाळगडावरील एका कंदीलपुष्पास 2023 मध्ये ‘सेरोपेजिया शिवरायीयाना’ हे नाव लाभले, ते याच कसोटीतून. नाव मिळाले, म्हणूनच त्याच्या रक्षणाची भाषा आता बोलता येते.

ज्या वनस्पतीला नाव नाही, तिची नोंद नाही; आणि जिची नोंद नाही, तिच्या नाशाची दाद कोणाकडे मागणार? कारखान्यांसाठी माळरान घेताना गट क्रमांक व क्षेत्रफळ काटेकोरपणे लिहिले जाते. त्या माळावर काय उगवते, याचीही यादी त्याच कागदाला जोडली गेली पाहिजे. उद्योग हवेतच, परंतु ‘पडीक’ हा शेरा मारण्यापूर्वी त्या भूमीची ओळख करून घेणे, एवढे तरी आपले कर्तव्य नव्हे काय?