नवे घर, दलाल आणि वकील

नव्या प्रकल्पातील घराची दलाली बहुधा विकासक देतो. त्यामुळे दलालाचे हित विक्री होण्यात असते. २०१६च्या रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या दलालालाही नोंदणी सक्तीची केली. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत घर घेताना प्रकल्प व दलाल या दोघांचे नोंदणी क्रमांक महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर तपासता येतात. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. तिथे सातबारा, फेरफार, बिगरशेती परवानगी आणि मंजूर नकाशा स्वतंत्र वकिलाकडून तपासून घेणे अधिकच गरजेचे ठरते. नोंदणीकृत प्रकल्पात करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. दलाल घरे दाखवतो, भाव ठरवायला मदत करतो. मालकीहक्काचा शोध मात्र वकिलाचे काम आहे.